श्रावण अधिक आला म्हणून कळलं

2023 साली अधिक श्रावण आला नसता, तर मी आजही सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेऊन शाळेला जात असते.

आमचं घर कोल्हापूरचं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तीन वार ठरलेले, आणि उरलेल्या वारांना भाजी संपली की अंडं. अंड्याला आमच्यात कुणी मांसाहारात धरतच नाही. पाहुणा अवेळी आला, 'दोन अंडी फोड.' मुलगी दोडक्याकडं बघून तोंड वाकडं करतेय, 'तिला अंड्याची पोळी करून दे.' मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरातलं आवरून साडेनऊची एसटी गाठायची असते, त्यामुळं माझी न्याहारी म्हणजे साडेआठला कांदा-मिरची घालून दोन अंड्यांची पोळी आणि रात्रीची उरलेली भाकरी. दहा मिनिटांत खाऊन मोकळं.

त्रास सुरू झाला 2021 च्या दिवाळीनंतर. आधी पोटात गोळा यायचा, मग मुरडा, मग तोंडाला पाणी सुटायचं आणि मानेवर गार घाम. वर्गाबाहेर जाईपर्यंत उलटी. एक नाही, तीन-चार. शेवटी नुसतं पिवळं पाणी पडायचं आणि हातपाय असे गळायचे की मुलांनी धरून खुर्चीत बसवावं. कधी मागून जुलाब. दीड-दोन तासांत सगळं शांत, आणि चार वाजता मी परत फळ्यासमोर. अंगावर पुरळ नाही, खाज नाही, ओठ सुजले नाहीत, धाप नाही, ताप नाही. आज हा 'नाही'चा पाढा मी मुद्दाम म्हणते, कारण त्याच्यामुळंच दोन वर्षं कुणालाच, मलाही, खाण्यातल्या एखाद्या पदार्थाच्या ॲलर्जीची शंका आली नाही. ॲलर्जी म्हणजे अंगावर गांधी उठणार, एवढंच आम्हाला माहीत.

पहिला आरोपी चहा. परिपाठाच्या आधी ऑफिसात सगळ्यांचा चहा व्हायचा, आणि माझं पोट बिघडायचं त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. पुरावा अगदी सरळ! मी दुधाचा चहा सोडला, कोरा घेतला, मग तोही सोडला. फरक शून्य. मग शाळेच्या टाकीचं पाणी. घरून बाटली न्यायला लागले. मग 'चाळिशी आली की असंच होतं' हे सहकारी बाईंचं निदान. सासूबाईंचं मत, अंडं-मटण उष्ण, उन्हाळ्यात कमी कर. पण पावसाळ्यात खायला त्यांची हरकत नव्हती, आणि मला त्रास बारा महिने. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तडतडली म्हणे खूप.

आमचे फॅमिली डॉक्टर मात्र टाळाटाळ करणारे नव्हेत. त्यांनी आधी पित्ताची गोळी दिली, ती महिनाभर घेऊनही उपयोग नाही म्हटल्यावर सोनोग्राफी करायला लावली. त्यांना पित्ताशयात खडे असतील असं वाटत होतं. स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पित्ताशय आकुंचन पावतं, खडा असेल तर तेव्हाच कळ येते. आणि अंड्याचा पिवळा बलक हा त्यातला नामांकित पदार्थ. म्हणजे अंड्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा निघालं होतं. पण सोनोग्राफी स्वच्छ आली, आणि खड्यांबरोबर अंडंही निर्दोष सुटलं. मग गव्हातल्या ग्लुटेनमुळं होणाऱ्या सिलिअॅक आजारासाठी रक्ततपासणी. तीही स्वच्छ. दूध पंधरा दिवस बंद. काही नाही. अहवालांची पिशवी फुगत गेली आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की हे आपल्या डोक्यातलंच असणार. शाळेचा ताण.

आता अधिक महिन्याचं. त्या वर्षी 18 जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण 17 ऑगस्टला. बरीच घरं फक्त निज पाळत होती. आमच्या ह्यांच्या मित्रांनी तर अधिकाच्या आधी एक आणि निजाच्या आधी एक अशा दोन गटाऱ्या करून घेतल्या. पण सासूबाईंनी सांगितलं, अधिकाचं पुण्य जास्त, दोन्ही पाळायचे. त्याला लागून गणपती. थोडक्यात, 18 जुलैपासून 28 सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत 73 दिवस आमच्या घरात मटण, मासे, कोंबडी, अंडं काहीही शिजलं नाही. फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा रिकामा झाला, त्यात मी लिंबं ठेवली.

मला तेव्हा काही जाणवलं नाही हं. आजार नसला की त्याची आठवण कुठं राहते? गौरी यायच्या आधी कपाट आवरताना पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. जुलैत आणलेलं, चार गोळ्या गेलेल्या, बाकी तशीच. मी ते हातात धरून तिथंच खाली बसले आणि बोटांवर मोजलं. शेवटची उलटी कधी? वारीच्या दिवसांत.

विसर्जनानंतरच्या रविवारी, 1 ऑक्टोबरला, घरात तांबडा-पांढरा झाला. मी चांगलं दोन वाट्या पांढरा प्यायले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती. कार्यक्रम लवकर होता म्हणून सात वाजता अंड्याची पोळी खाऊन निघाले. सव्वानऊला एक मुलगा 'माझ्या गुरुजनहो आणि मित्रांनो' करत भाषणाला उभा राहिला आणि मी महात्म्याच्या तसबिरीसमोरून तोंडाला पदर लावून पळाले. हौदापाशी वाकलेली असतानाच डोक्यात लख्ख उजेड पडला: सुट्टीचा दिवस, शिपाई आलेला नाही, चहा झालेलाच नाही. चहा दोन वर्षं फुकट शिक्षा भोगत होता.

चहा निर्दोष, मटण कालच निर्दोष सुटलं. तरी लगेच 'अंडं' म्हणायची माझी तयारी नव्हती. श्रावणात नुसतं अंडंच बंद नव्हतं. मासे, कोंबडी, बाहेरचं चायनीज, सोमवारी कांदा-लसूणही बंद. आणि खरं सांगायचं तर अंडं दोषी निघू नये असंच मला वाटत होतं. चाळीस वर्षं खाल्लेलं अंडं एकदम कसं बाधेल?

मी शाळेतलं एक कोरं हजेरीपत्रक घरी आणलं. डायरीत लिहिताना माणूस कथा रचतो, 'आज जरा तेलकट झालं, दगदगही होती'. हजेरीपत्रकात कथेला जागाच नसते. डावीकडं मुलांच्या नावांच्या जागी लिहिलं: अंडं, दूध, मटण, कोंबडी, मासे, शेंगदाणे, बेकरी, हॉटेल. वर तारखा. खाल्लं तर 'ह', नाही तर 'गै'. खाल्ल्याची वेळ पेन्सिलीनं कोपऱ्यात, आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात त्रास झाला असेल तर त्याची वेळ. सहा आठवडे लिहिलं. चार वेळा उलट्या झाल्या. चारही दिवशी अंडं हजर, आणि खाल्ल्यापासून उलटीपर्यंतचं अंतर प्रत्येक वेळी दोन ते अडीच तासांचं. वेळ लिहिण्याची कल्पना सुचली नसती तर मी आयुष्यभर उलटीच्या अगदी अलीकडं जे खाल्लं त्यालाच धरून बसले असते.

पण हिशोब चोख जुळत नव्हता. पाच दिवस असे होते की अंडं हजर आणि दंगा काही नाही. एका सरांच्या निवृत्तीचा केक खाल्ला होता. अंड्याच्या कालवणातला रस्सा आणि अर्धं अंडं खाल्लं होतं. दिवाळीत बेकरीतून आणलेला केकचा तुकडा. केकात अंडं असतं ना? मग? ह्या 'मग'पाशी मी अडकले आणि तिथंच एक मूर्खपणा केला.

भाच्यानं सांगितलं की रक्ताची एक तपासणी असते, त्यात दोनशेच्या वर पदार्थांपैकी कशाची 'सेन्सिटिव्हिटी' आहे ते एका फटक्यात कळतं. घरी येऊन रक्त नेतात. पगाराला चांगलं भगदाड पडलं. अहवाल मात्र लग्नपत्रिकेसारखा देखणा: लाल, पिवळे, हिरवे पट्टे. लाल पट्ट्यात गहू, तूरडाळ, लसूण, शेंगदाणे. अंडं पिवळ्यात, सौम्य. तीन आठवडे मी गहू, तूर, लसूण, शेंगदाणा सोडून जगले. कोल्हापुरात लसूण आणि शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक करून बघा एकदा. वजन दोन किलो उतरलं, घरातल्यांची तोंडं उतरली ती वेगळीच. आणि एका संध्याकाळी मुलीच्या ताटातली अंडा बुर्जी संपवली, ती पिवळ्या पट्ट्यातली सौम्य, आणि रात्री दहा वाजता परत न्हाणीघर.

संक्रांतीनंतर पुण्याला नणंदेकडं गेले आणि एका ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घेतली. जायच्या आधीच फोनवर सांगितलं होतं की सर्दीची किंवा खाजेची गोळी चालू असेल तर आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर त्वचेवरच्या तपासणीत काहीच उमटत नाही. डॉक्टर बाई वयानं माझ्याहून लहान. रंगीत अहवाल त्यांनी बघून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे आयजीजी, रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं. हे पदार्थ तुम्ही नेहमी खाता, शरीराची त्यांच्याशी ओळख आहे, एवढंच हे सांगतंय." कोल्हापूरच्या बाईच्या रक्तात लसूण आणि शेंगदाणा सापडणारच की! निदानासाठी ही तपासणी वापरू नये असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्येच सांगून ठेवलंय, हेही त्यांनीच सांगितलं. मला तूरडाळीची माफी मागावीशी वाटली.

मग प्रश्न. किती अंडी, कशी शिजवलेली, बलक पातळ होता का घट्ट, किती वेळानं त्रास, त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली होती का, व्यायाम केला होता का. आणि एक अनपेक्षित: घरी पोपट किंवा गॅलरीत कबुतरं आहेत का? मी म्हटलं, कबुतरं कुणाच्या गॅलरीत नाहीत? त्या हसल्या. काही मोठ्या माणसांना आधी पक्ष्यांच्या पिसांची, विष्ठेची ॲलर्जी होते, आणि तसंच प्रथिन पिवळ्या बलकात असल्यामुळं मग अंडंही बाधायला लागतं. त्यांना शिंका, दमा असतो, कच्चा बलक जास्त बाधतो. माझी लक्षणं तशी नव्हती.

त्वचेची तपासणी म्हणजे भीतीचं काही नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेननं खुणा करून एकेक थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक टोचतात, रक्तही येत नाही. एक थेंब नुसत्या पाण्याचा, म्हणजे क्षाराच्या द्रावाचा, एक हिस्टामिनचा. हिस्टामिनच्या जागी डास चावल्यासारखी गांधी उठायलाच हवी, तरच तपासणी खरी. पंधरा-वीस मिनिटं हात पालथा करायचा नाही, खाजवायचा नाही. हिस्टामिनची गांधी मस्त उठली. पांढऱ्या बलकाची जागा सपाट. पिवळ्याची सपाट. दुधाची, गव्हाची, शेंगदाण्याची, सगळी सपाट.

मला रडू आलं. विचित्र वाटेल, पण आपल्याला काही झालेलं नाही हे कळल्यावर आनंद होण्याऐवजी लाज वाटते. दोन वर्षं सगळ्यांना वेठीला धरलं आणि हातावर एक साधी गांधीसुद्धा नाही.

तेव्हा मी पिशवीतून हजेरीपत्रक काढलं. डॉक्टर बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, पेन्सिलीच्या वेळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही दाखवलंत?" मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. नेहमीची अन्नाची ॲलर्जी पुढच्या दारानं येते. रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं ती आणतात, आणि ती येते ती काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत: गांधी, सूज, खोकला, धाप, कधी थेट बेशुद्धी. त्वचेची तपासणी ह्या पुढच्या दारावर पहारा करते. पण काहींच्या बाबतीत आतड्यातली प्रतिकारशक्ती आयजीईची वाट न बघता परस्पर बिथरते. ते मागचं दार. त्यात एक ते चार तासांनी ओळीनं उलट्या, फिक्कट पडणं, गळाठा, कधी जुलाब, आणि कातडीवर काही नाही. ह्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, डॉक्टर त्याला तोडून 'एफपाइस' म्हणतात. तान्ह्या मुलांत दूध, तांदूळ अशा पदार्थांनी होतो आणि बहुतेकांचा वयाबरोबर जातो. मोठ्या माणसांतही होतो, पूर्वी चाळीस वर्षं सुखानं खाल्लेल्या पदार्थानं होतो. मोठ्यांत सगळ्यात जास्त मासे-कोळंबीनं. अंडंही त्या यादीत आहे.

आणि केक? अंड्याच्या पांढऱ्यात बरीच प्रथिनं असतात. त्यातलं ओव्हअल्ब्युमिन उष्णतेनं बरंच मोडतं, ओव्होम्युकॉइड चिवट असतं. पण पिठात मिसळून भट्टीत अर्धा तास भाजलं की त्याचाही जोर उतरतो. शिवाय केकच्या एका तुकड्यात अंडं असून असून किती? पाव, कदाचित त्याहून कमी. माझ्या पोळीत दोन. 'अंडं हजर, दंगा नाही' हे पाच दिवस एका ओळीत सुटले.

पण हजेरीपत्रकावर शिक्का मारून चालत नाही. खात्री करायची तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर खायचं. मी सांगून टाकलं की मी घरी दोनदा मुद्दाम खाऊन पाहिलंय. त्यावर बोलणी खाल्ली. ह्या आजारात उलट्यांनी शरीरातलं पाणी इतकं जातं की रक्तदाब कोसळू शकतो, आणि पुढच्या दारवाल्या माणसानं घरी असला प्रयोग केला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मार्चमध्ये, महिनाभर अंडं पूर्ण बंद ठेवून, एका दिवसासाठी दवाखान्यात भरती झाले. हाताला सुई लावून ठेवलेली, आधी रक्त काढलेलं, रक्तदाबाचा पट्टा दंडावर. 9 वाजून 10 मिनिटांनी उकडलेल्या अंड्याचा पहिला घास. अर्ध्या तासात तीन भागांत एक अंडं संपवलं. मग नुसतं बसायचं. नणंद शेजारी विणत होती. दहा वाजले. साडेदहा. अकरा. मला वाटायला लागलं, होतच नाहीये, आणि मी परत खोटी पडणार. 11 वाजून 25 मिनिटांनी तोंडाला पाणी सुटलं आणि मी नणंदेला म्हटलं, "आलं!" एवढ्या आनंदानं कुणी ओकलं नसेल. चार उलट्या झाल्या, रक्तदाब थोडा उतरला. सलाइन आणि उलटी थांबवणारं ऑन्डानसेट्रॉनचं इंजेक्शन दिलं. काही तासांनी परत रक्त काढलं. ह्या प्रकारात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, माझ्याही वाढल्या होत्या. संध्याकाळी वरणभात खाऊन नणंदेच्या घरी.

डॉक्टर बाईंनी कागदावर लिहून दिलं: पोळी, बुर्जी, उकडलेलं, कालवण, मेयोनीज, कच्चं घातलेली क्रीम बंद. केकचा तुकडा आजवर पचत आलाय, तो चालू द्या. चुकून पोटात गेलं आणि उलट्या थांबेनात तर सर्दी-खाजेच्या गोळ्यांचा इथं उपयोग नाही, सलाइन लागतं, म्हणून जवळच्या दवाखान्यात दाखवायला हे पत्र पर्समध्ये. वर्ष-दोन वर्षांनी परत तपासू, पण इथंच. घरात वेगळा तवा, वेगळी भांडी लागतील का म्हणून मी विचारलं, कारण मुलगी आणि हे खाणारच. माझ्या प्रकारात तेवढ्या अंशानं सहसा काही होत नाही, म्हणाल्या. पुढच्या दारवाल्यांपैकी काहींना मात्र तव्याला लागलेलं, उलथण्याला चिकटलेलंही बाधतं. त्यांच्यासाठी मांडीत द्यायच्या ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनची सोय आणि ते कधी द्यायचं याची माहिती घरात असावी लागते. फ्लूच्या लसीचंही विचारून घेतलं. ती बऱ्याचदा कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते ना. खुशाल घ्या, म्हणाल्या.

दवाखान्याचं काम इथं संपलं. लोकांचं सुरू झालं.

मटण खाते, कोंबडी खाते, मासे खाते आणि अंडं खात नाही, असली बाई कोल्हापुरात कुणी पाहिलेली नाही. पहिल्याच लग्नात वाढणाऱ्यानं अंडा मसाल्याचा चमचा पुढं केला, मी हात आडवा धरला, आणि पलीकडच्या मावशींनी विचारलं, "माळ घातलीस काय गं?" मी म्हटलं, नाही. "मग आज वार हाय काय?" नाही. "मग?" बाधतं म्हटलं. "अगं एवढंसं काय बाधतंय, खा!" वारकऱ्याची माळ, गुरुवार, संकष्टी, नवस, ह्यांतलं काहीही सांगितलं असतं तर त्याच मावशींनी वाढप्याला दम भरून माझं ताट वेगळं काढायला लावलं असतं. देवाला मान आहे, पोटाला नाही. दोन-तीन समारंभांत तर मी कंटाळून 'हो, नवस आहे' असं सांगून मोकळी झाले. कसला, हे विचारलं नाही कुणी.

दुसरा पंथ गावरानवाल्यांचा. "पोल्ट्रीचं बाधतंय, गावठी खाऊन बघ." एका पालकांनी प्रेमानं डझनभर गावठी अंडी भुशात घालून शाळेत आणून दिली. आता कवच पांढरं असो की तांबूस, कोंबडी खुराड्यातली असो की उकिरडा उकरणारी, आतली प्रथिनं तीच. बदकाच्या आणि लाव्याच्या अंड्यांतलीही बरीचशी तशीच. डझन अंडी मी शेजारी दिली आणि पालकांना 'छान होती' म्हणून सांगितलं.

बाहेर खाताना अंडं लपून बसतं. कटलेटात ते बांधणीला असतं, लॉलीपॉपच्या आवरणात असतं, चायनीजच्या गाडीवर हक्का नूडल्समध्ये न विचारता फोडलेलं असतं. एका हॉटेलात 'अंडं आहे का' विचारल्यावर वेटर म्हणाला, "नाही मॅडम, नुसतं वरनं लावलंय." तेव्हापासून मी 'अंडं आहे का' विचारत नाही, 'ह्यात अंडं कुठं कुठं लावता' असं विचारते. उत्तर खरं येतं.

पाकिटांच्या बाबतीत मात्र आपल्या देशात राहण्याचा एक फायदा कळला. आपल्या कायद्यात अंडं मांसाहारात मोडतं. म्हणजे हिरवा ठिपका असेल तर अंडं घातलेलं नाही. मेयोनीजसुद्धा हिरव्या ठिपक्याचं मिळतं. जन्मभर मटण खाल्लेली मी आता दुकानात उभी राहून जैन बायकांच्या बरोबरीनं हिरवा ठिपका शोधते. तपकिरी त्रिकोण असेल तर तो कशामुळं आहे हे मागची यादी वाचल्याशिवाय कळत नाही. 2020 च्या लेबलच्या नियमांप्रमाणं ॲलर्जीकारक पदार्थांत अंड्याचा वेगळा उल्लेख करावाच लागतो. अल्ब्युमिन हा शब्द दिसला तर थांबायचं. 1105 हा आकडा म्हणजे लायसोझाइम, तेही अंड्याच्या पांढऱ्यातलं. अडचण सुट्या मालाची: बेकरीतलं पॅटिस, घरगुती केक, यात्रेतलं काहीही. तिथं ठिपका नाही, विचारणं आहे.

घरात फार अडलं नाही. खिमागोळे मी आता डाळ्याच्या पिठानं बांधते. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या आईकडं तसेच करायचे, अंडं नंतर आलं. मुलीच्या वाढदिवसाच्या केकला दही आणि सोडा. जवस भिजवून त्याचा चिकट पाक बिस्किटांना चालतो, केकला मला नाही आवडला, गिळगिळीत होतो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढी भरून काढायला मटकीची उसळ आणि दही पुरतं. आणि सकाळची दहा मिनिटांची न्याहारी? टोमॅटो ऑम्लेट. बेसनाचं. नावात ऑम्लेट आणि आत अंड्याचा पत्ता नाही. ज्या बाईनं हे नाव पहिल्यांदा ठेवलं, तिलाही अंडं बाधत असणार अशी माझी खात्री आहे.

मी अंडं सोडायला आणि सरकारनं ते शाळेत आणायला एकच गाठ पडली. नोव्हेंबर 2023 मध्ये निर्णय झाला की पोषण आहारात आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं, आणि जी मुलं खात नाहीत त्यांना केळं. 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्या अंड्यांचे पैसे बंद केले, पण निर्णय चांगला होता, आमच्याकडं अशी मुलं होती की ज्यांच्या आठवड्यातलं ते एकच अंडं असायचं. वाटप माझ्याकडं होतं. मी सोलून द्यायचे, खायचे नाही, ह्याची मुलांना गंमत वाटायची.

जूनमध्ये दुसरीतली एक मुलगी अंड्याच्या रांगेतून निघून केळ्याच्या रांगेत उभी राहिली. स्वयंपाकाच्या मावशींनी तिला परत हाकललं, "तुझ्या घरात तर कोंबड्या हाईत, केळ्याची नाटकं करती!" ती रडवेली झाली. मी तिला बाजूला घेतलं. काय होतं गं अंड्यानं? "ओठ चुणचुणत्यात बाई." कधी, दुपारी? घरी गेल्यावर? "न्हाय, खाता खाता." मी तिच्या हातातलं अंडं काढून घेतलं. हे माझं नव्हतं, हे पुढचं दार होतं. आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, लहानपणी एकदा अंडं भरवल्यावर तोंड सुजलं होतं, पण सगळे म्हणाले किडा चावला असेल. मी कागदावर लिहून दिलं: कधी, किती खाल्लं, किती मिनिटांत काय झालं, आणि शाळेतून थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, तोवर अंड्याचा घासही नको असं बजावलं.

पुढच्या बुधवारी ती केळ्याच्या रांगेत सगळ्यात पुढं उभी होती. मागच्या मुलानं तिच्या गळ्याकडं वाकून बघितलं आणि विचारलं, "माळ घातलीस काय गं?"